चारशे बत्तीस कुठून आले?

१

पाकीट फोडलेलं होतं, आणि फोडणाऱ्याने अक्कल चालवली होती. वरच्या तोंडावरची लाख जशीच्या तशी, तिच्या शेजारची ललिताबाई पानशांची सही शाबूत. पण खालची कड ब्लेडने अलगद चिरून डिंकाने पुन्हा चिकटवलेली. मंगळवारी सकाळी दहाला कपाट आवरताना न्यासाचा कारकून संतोष याच्या बोटांना ती कडक झालेली कड लागली, आणि त्याने बोंब ठोकली.

ललिताबाई सात मिनिटांत हजर झाल्या. नारायण पेठेतली न्यासाची इमारत त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, पण गुडघे एकाहत्तर वर्षांचे, म्हणून सात मिनिटं. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली ही बाई गेली अठरा वर्षं हिंमतराव स्मृती न्यासाच्या परीक्षेचा पेपर काढत होती. दहावीची निवडक दहा मुलं, दहा गणितं, आणि पहिल्या येणाऱ्या एकट्यासाठी न्यासाच्या वसतिगृहात अकरावी-बारावीची दोन वर्षं. जागा एकच, दुसऱ्याला नुसतं प्रमाणपत्र.

बाईंनी सत्तरी ओलांडली तशी न्यासाने एक नवी पद्धत काढली होती. हस्तलिखित पेपरची एक प्रत छापखान्यात जायची आणि दुसरी लाखबंद होऊन न्यासाच्या कपाटात. का, तर बाईंचं काही बरंवाईट झालं तर! "मी मेले तरी पेपर वेळेवर येईल," असं बाईंनी तेव्हाच सुनावलं होतं, पण प्रत मात्र त्या इमानेइतबारे देत. छापखाना कसबा पेठेत. तिथे प्रुफं वाचायला त्या स्वतः जात आणि दर वर्षी त्यांना स्वतःचंच काहीतरी खटके. यंदा शुक्रवारी त्यांनी छापखानेवाल्या दत्तप्रसादच्या टेबलावर बसून एका बसचा वेग कमी केला होता. "सहा तास सलग ताशी बहात्तर? आपल्या रस्त्यांवर? ड्रायव्हर काय स्वर्गातून उतरलाय?"

रविवारी परीक्षा झाली, त्याच दिवशी पेपर तपासले गेले, आणि आज चार वाजता खालच्या सभागृहात निकाल लागायचा होता. आणि आज हे पाकीट!

ऑफिसात चार माणसं होती. परीक्षाप्रमुख दिगंबर सर घामाघूम होऊन बसलेले. शेजारी शर्मिला मॅडम, न्यासाच्या वर्गात गणित शिकवणाऱ्या, आणि तीस वर्षांपूर्वी ललिताबाईंच्याच हाताखाली शिकलेल्या. दाराशी संतोष. आणि खिडकीपाशी, हाताची घडी घालून, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी.

"ही वैष्णवी इंगोले," सर म्हणाले. "येरवड्याची. परीक्षेत पहिली आलीये. शनिवारी प्रवेशपत्रावर फोटो चिकटवायला आली होती. अर्धा तास इथे एकटी होती, बाई. हातात डिंकाची बाटली घेऊन!"

"फोटो चिकटवायला डिंक नाही तर काय श्रीखंड घेईल?"

सर ओशाळले. त्यांनी टेबलावरचा एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'मी पेपर आधी पाहिला होता. माझी चूक झाली. मी माझा क्रमांक सोडत आहे.' खाली सहीला रिकामी जागा.

"सही केली की विषय संपला. शाळेला काही कळवणार नाही आम्ही."

"आणि नाही केली तर?" मुलीने विचारलं.

"तर कळवावं लागेल."

"कळवा," ती म्हणाली. "मी सही करणार नाही. तुम्ही पोलीस बोलवा, नाहीतर माझ्या पप्पांना बोलवा. मी न केलेल्या गोष्टीवर माझं नाव लिहिणार नाही."

आवाज चढलेला होता, पण कापत नव्हता. ललिताबाईंना ही पोरगी त्या क्षणी आवडली, आणि आवडली म्हणूनच त्यांनी स्वतःला बजावलं, सांभाळ, आवडणं म्हणजे पुरावा नव्हे. त्यांनी तो कागद उचलून सरांच्या खणात टाकला आणि खण लावला.

"साडेदहा झालेत. चार वाजेपर्यंत हा आत राहू दे."

"बाई, त्याआधी तिचा पेपर बघा," शर्मिला मॅडम हळूच म्हणाल्या. "शंभरपैकी शंभर. आणि एकाही गणितात स्थिरांक काढलेला नाही. नुसती उत्तरं! ज्याला उत्तरं आधीच ठाऊक असतात, तोच असा पेपर लिहितो."

२

पेपर खरंच तसा होता. यंदा सगळी गणितं समचलन आणि व्यस्त चलनाची. पुस्तकाप्रमाणे आधी स्थिरांक काढायचा, तो के म्हणून लिहायचा, मग पुढचं. इथे के औषधालासुद्धा नव्हता. दहा प्रश्न, दहा आकडे. सातव्या उत्तरापाशी तेवढी लाल शाईची खाडाखोड होती. आधी फुली, मग ती गिरवून बरोबरची खूण, बाजूला शर्मिला मॅडमची छोटी सही. तपासणाऱ्यांच्या हातून असं होतं.

रिकाम्या वर्गात बाईंनी मुलीला समोर बसवलं.

"पायऱ्या का नाही लिहिल्यास?"

"पेपरवर पायऱ्या दाखवा असं लिहिलंच नव्हतं."

आता पेपर बाईंनीच काढलेला. त्यांना विषय बदलावा लागला, आणि हे त्यांच्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नव्हतं.

"वडील काय करतात?"

"पिठाची गिरणी आहे. यवतमाळहून आले तेव्हा दुसऱ्याच्या गिरणीत कामाला होते. आता आमची आहे."

"बरं. मोटर मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे घेते. तिची पुली सहा इंची. दगडाला चारशे ऐंशीच फेरे हवेत. दगडाची पुली किती इंची बसवशील?"

"अठरा," बाईंचं वाक्य पुरतं संपायच्या आत उत्तर आलं.

"पाठ आहे?"

"नाही. सहा गुणिले चौदाशे चाळीस, आठ हजार सहाशे चाळीस. पट्टा दोन्हीकडून एकच फिरतो ना, मग पुली मोठी केली की फेरे कमी होणार, पण गुणाकार तोच राहणार. त्याला चारशे ऐंशीने भागलं."

"आणि हे आठ हजार सहाशे चाळीस म्हणजे काय?"

"जो हलत नाही तो आकडा. पप्पा त्याला गिरणीचा आकडा म्हणतात. पुस्तकात त्याला चलनाचा स्थिरांक म्हणतात, ते माहितेय मला. पण तो डोक्यात आल्यावर कागदावर कशाला लिहू? गिरणीत गिऱ्हाईक डबा घेऊन उभं असतं."

"बारा किलो गहू अठरा मिनिटांत. तीस किलोला?"

"पंचेचाळीस मिनिटं. इथे भागाकार तोच राहतो, किलोला दीड मिनिट." मग जरा थांबून, "पण मॅडम, सलग दळलं तर दगड तापतो. पप्पा मध्ये थांबवतात. म्हणजे खरं तर पन्नास धरा."

ललिताबाई हसल्या. चाळीस वर्षं त्या हेच गणित फळ्यावर घालत आल्या होत्या, आणि तापलेल्या दगडाबद्दल त्यांना एकाही विद्यार्थ्याने सांगितलं नव्हतं.

"ही जागा नाही मिळाली तर काय करशील?"

"शिकेनच." तिने खिडकीबाहेर बघितलं. "आमची एकच खोली आहे, गिरणीच्या मागे. सकाळी सातला पट्टा सुरू होतो तो थांबेपर्यंत काही ऐकू येत नाही. इथलं वसतिगृह मी बघून आलेय. प्रत्येकीला टेबल आहे. शांत आहे. मला ते हवंय, मॅडम. खूप हवंय. पण चोर म्हणून नाव कबूल करून मी घरी जाणार नाही. रडणार पण नाही. मी रडले की ते म्हणतील, बघा, हिनेच केलंय."

बाईंना राग आला होता, सरांचा, त्या टाइप केलेल्या कागदाचा, आणि थोडा स्वतःचाही. या पोरीने पेपर पाहिलेला नव्हता, तिला त्याची गरजच नव्हती. पण पाकीट तर कोणीतरी चिरलं होतं. तो कोणीतरी चार वाजता याच इमारतीत टाळ्या वाजवत बसणार होता.

३

"कपाटाची किल्ली कुठे असते?" बाईंनी संतोषला विचारलं.

संतोषने भिंतीवरच्या हिंमतरावांच्या फोटोकडे बघितलं. "फोटोमागे. खिळ्याला."

"हे कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांनाच, बाई. नवीन माणूस आला की आधी तेच दाखवतो आम्ही, म्हणजे मी रजेवर असलो तर अडायला नको."

"धन्य आहात. दाराला पाटी का नाही लावली?"

संतोष कानकोंडा झाला. पण माणूस सरळ होता. चोराने स्वतःच चोरीची बोंब ठोकावी इतका त्याचा जीव नव्हता. पाकीट त्याने गुपचूप बाईंना परत दिलं असतं, तर कोणाला पत्ताही लागला नसता.

"रविवारी पेपर कसे तपासले ते सांग. मी बरोबर उत्तरांचं पाकीट तुझ्या हातात देऊन घरी गेले. पुढे?"

"ते मी सरांकडे दिलं. सरांना खाली पालकांनी गाठलं होतं, ते खिशात पाकीट घेऊन खालीच बोलत राहिले. मॅडम वर टेबलावर बसल्या. मी चहा आणला तेव्हा त्यांचे दोन पेपर झालेसुद्धा होते. मग सर आले, पाकीट फोडलं, आणि दोघांनी मिळून बाकीचे तपासले."

"उत्तरं हातात नसताना दोन पेपर झाले?"

"मॅडम हुशार आहेत, बाई. त्यांना कशाला लागतात उत्तरं?"

हेही खरंच होतं. शर्मिला हुशार होती, बाईंच्या हाताखालून गेलेल्या मुलींतली सगळ्यात हुशार. बाईंनी तिला वर्गाबाहेरच्या बाकावर गाठलं.

"तुला खात्री आहे, त्या मुलीनेच केलंय?"

"बाई, माझंही मन तयार होत नाहीये. पण शनिवारी तीच एकटी होती. डिंक तिच्याच हातात होता. आणि आपण एवढ्या वर्षांत पाहिलंय ना, पायऱ्या न लिहिता शंभर कोण मिळवतं?"

"दुसरा कोण आलाय?"

"विश्वजीत. सर्जेरावांचा मुलगा, मांजरीकडचे बागाईतदार. नव्वद गुण. सातवं एक चुकलं. मीच शिकवते त्याला घरी, फार कष्टाळू आहे."

"चुकलं कसं?"

"घाईत. परीक्षेत होतंच तसं."

बाईंनी सगळे दहा पेपर मागून घेतले आणि वर्गाचं दार लोटून घेतलं. चुकीचं उत्तर त्यांना बरोबर उत्तरापेक्षा नेहमीच जास्त प्रिय होतं. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. चूक ज्याची त्याची असते, आणि ती कुठून आली हे शोधता येतं. सातव्या प्रश्नात तिघं चुकले होते. एक जण गुणाकारात हातचा विसरला होता. एकीने व्यस्त चलनाला समचलन समजून भागाकार केला होता. तिसरा पेपर विश्वजीतचा. अक्षर मोत्यासारखं, पायऱ्या चोख. त्याने के काढला होता, आणि तो होता चारशे बत्तीस.

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. आकडा तोच राहिला.

४

छापलेला सातवा प्रश्न असा होता: एक बस ताशी चौसष्ट किलोमीटर वेगाने गेली तर सहा तासांत पोहोचते, आठ तासांत पोहोचायचं असेल तर वेग किती? वेग वाढला की वेळ घटतो, तेव्हा दोघांचा गुणाकार कायम. चौसष्ट गुणिले सहा, तीनशे चौऱ्याऐंशी. भागिले आठ, अठ्ठेचाळीस. पोरासोरांचं गणित!

विश्वजीतने लिहिलं होतं, के बरोबर चारशे बत्तीस, भागिले आठ, चोपन्न. चौसष्टला सहाने गुणताना माणूस कितीही गडबडला तरी चारशे बत्तीस येत नाहीत. बाईंनी उलटा हिशेब केला. चारशे बत्तीस भागिले सहा.

बहात्तर.

दत्तप्रसादचं टेबल आणि तो स्वर्गातून उतरलेला ड्रायव्हर त्यांना लख्ख आठवला. ताशी बहात्तर हा आकडा शुक्रवारी प्रुफावर मेला होता. परीक्षेच्या हॉलमधल्या एकाही कागदावर तो नव्हता. तो जिवंत होता फक्त कपाटातल्या त्या प्रतीत, कारण ती दुरुस्त करायचा बाईंनी चक्क आळस केला होता.

तीन वाजता सर्जेराव मुलाला घेऊन आले. पांढरा कडक शर्ट, हातात पेढ्यांचा खोका. बाईंनी दोघांनाही आत बोलावलं, आणि विश्वजीतपुढे त्याचाच पेपर ठेवला.

"चौसष्ट गुणिले सहा किती?"

"तीनशे चौऱ्याऐंशी," मुलगा लगेच म्हणाला.

"मग हे चारशे बत्तीस कुठून आले?"

त्याने कागदाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मिसरूडही न फुटलेला पोरगा तो, कान लालबुंद झाले.

"आरं बोल की!" सर्जेराव म्हणाले. "बाई काय विचारत्यात? गप का हायस?"

"बहात्तर गुणिले सहा," विश्वजीत पुटपुटला. "मला वाटलं बहात्तरच आहे."

"पेपरवर चौसष्ट होतं."

"बस दिसली. पुढचं वाचलंच नाही. हात आपोआप लिहीत गेला. इतक्या वेळा केलं होतं ते."

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

खोका सर्जेरावांच्या हातातून टेबलावर आला. "बुधवारपास्नं? म्हंजी तू कपाट फोडलंस?"

"नाही, अप्पा! कपाटाला मी हात लावलेला नाही. हा परीक्षेचा पेपर आहे हेही मला माहीत नव्हतं. दहा सरावाची गणितं म्हणून मिळाली होती. रविवारी हॉलमध्ये पेपर उघडला आणि तीच गणितं निघाली. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पण कोणी दिली ते मी सांगणार नाही. मला मारा. नाव नाही सांगणार."

सर्जेरावांचा हात वर गेला. ललिताबाईंनी तो नुसत्या नजरेने खाली आणला. या इमारतीत आज सही न करणारे दोघं निघाले, त्यांच्या मनात आलं. आणि दोघंही सोळा वर्षांच्या आतले.

"नको सांगूस," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे ते लिहून आलेलं आहे."

५

साडेतीनला सगळे ऑफिसात जमले. सर, संतोष, शर्मिला मॅडम, सर्जेराव आणि विश्वजीत. वैष्णवी पुन्हा खिडकीपाशी, हाताची घडी तशीच. खाली सभागृहात खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते.

"दोन गोष्टी एकमेकींच्या तालावर बदलतात," बाई म्हणाल्या, "तेव्हा त्यांच्यामागे न बदलणारं एक काहीतरी असतं. ते सापडलं की गणित सुटलं. वर्गात मी हे इतक्यांदा सांगितलंय की भिंतींनाही पाठ असेल. आज तेच केलं. दिगंबर, ते पाकीट फोड. वरून फोड, खालून फोडून झालंय."

सरांनी लाख तोडली. सातव्या प्रश्नावर बोट ठेवून बाईंनी त्यांना मोठ्याने वाचायला लावलं. "ताशी बहात्तर," सर वाचून थबकले. "पण पेपरवर तर चौसष्ट..."

"शुक्रवारी मी बदललं. दत्तप्रसादशिवाय कोणाला सांगितलं नाही. म्हणजे ज्याच्या डोक्यात बहात्तर आहे, चारशे बत्तीस आहे, चोपन्न आहे, त्याने ही प्रत पाहिली आहे, किंवा पाहणाऱ्याने त्याला शिकवलंय. वैष्णवीचं उत्तर अठ्ठेचाळीस. तिने ही प्रत पाहिली असती तर तिचंही चुकलं असतं. ती सुटली."

"मग विश्वजीत..." सर म्हणाले.

"विश्वजीतला बुधवारपासून शिकवलं गेलं. कोणी, ते तो सांगत नाही." बाईंनी दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले. "आता या खुणा बघा. वैष्णवीच्या अठ्ठेचाळीसला आधी फुली, मग ती खोडून बरोबर. विश्वजीतच्या चोपन्नला आधी बरोबर, मग ते खोडून फुली. बाकीच्या आठ पेपरांत सातव्या प्रश्नाला एकही खाडाखोड नाही. हे दोन पेपर कधी तपासले, संतोष?"

"पहिलेच," संतोष म्हणाला. "सर यायच्या आधी."

"बरोबर उत्तरांचं पाकीट सरांच्या खिशात असताना."

सगळ्यांच्या माना शर्मिला मॅडमकडे वळल्या.

"घाईत झालं, बाई," शर्मिला म्हणाली. आवाज सरळ ठेवायचा तिचा प्रयत्न होता. "दमले होते मी."

"दमलेला माणूस बरोबर उत्तराला चूक म्हणेल, एकदा. पण अठ्ठेचाळीसला फुली मारायची तर डोक्यात दुसरा आकडा असावा लागतो. तो कोणता, ते तूच पुढच्या पेपरवर सांगितलंस, चोपन्नला बरोबर करून. छापलेला पेपर सोडवून चोपन्न येतच नाही, शर्मिला. तुला तो आकडा पाठ होता. चार दिवस तूच तो या मुलाकडून घोटून घेत होतीस."

विश्वजीत जमिनीकडे बघत होता, आणि त्याच्या तसं बघण्यानेच उरलेलं सगळं सांगितलं.

"बावीस वर्षं!" शर्मिला एकदम फुटली. "बावीस वर्षं मी या इमारतीत शिकवतेय. माझं एकही मूल पहिलं आलं नाही. एकही! दर वर्षी हार घालायचे दुसऱ्याच्या मुलांना, आणि माझ्याकडे बघून म्हणायचं, पुढच्या वर्षी हं मॅडम. एकदा, फक्त एकदाच हवं होतं मला, बाई."

"आणि ही मुलगी?"

"हिचं नाव घ्यायचं माझ्या मनातही नव्हतं. आज पाकीट सापडलं. सर म्हणाले, शनिवारी कोण आलं होतं? मग... ते होत गेलं."

"होत गेलं म्हणे!" ललिताबाई कडाडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांनी ते पुसायची तसदी घेतली नाही. "मी तुला गणित शिकवलं. तू माझी सगळ्यात हुशार मुलगी होतीस. तुझा विद्यार्थी पहिला आला नाही म्हणून तू दुसऱ्याच्या पोरीला चोर ठरवलंस, आणि तिच्यासमोर सहीला कागद ठेवताना बघत बसलीस. चोरीचं मी एक वेळ समजू शकेन, शर्मिला. हे नाही."

६

चारला पाच मिनिटं कमी असताना दिगंबर सरांना एक युक्ती सुचली.

"असं करू या," ते घाम पुसत म्हणाले. "निकाल पुढे ढकलू. पेपर फुटला म्हणजे परीक्षा रद्द. सगळ्यांची पुन्हा घेऊ. कोणावर अन्याय नको."

"माझ्यावर होतोय की," वैष्णवी म्हणाली. ती खिडकीपासून पहिल्यांदा पुढे आली. "ज्याला पेपर मिळाला त्याचे नव्वद आहेत. माझे शंभर आहेत. मी एकदा परीक्षा दिली, सर. दुसऱ्याच्या चोरीसाठी मी परत का देऊ? एका मुलाला पेपर माहीत होता, तरी तो माझ्या मागे राहिला. अजून काय सिद्ध करू?"

"तिचं म्हणणं खोडून दाखव, दिगंबर," ललिताबाई म्हणाल्या. "जमलं तर पुढच्या वर्षीचा पेपर तू काढ."

सरांनी निकालाचा कागद उचलला.

"आमचं पोरगं यातनं बाद करा," सर्जेराव मध्येच बोलले. इतका वेळ ते भिंतीला टेकून उभे होते. "परमानपत्र बी नको. चल रे, खाली बसायचं. घरी पळायचं नाय. मागच्या रांगेत बसायचं, आन् या पोरीचं नाव निघालं की टाळ्या वाजवायच्या." विश्वजीतने मान हलवली. जाताना तो वैष्णवीपाशी थांबला, "सॉरी" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरला.

सभागृह भरलेलं होतं. पालक, शाळांचे शिक्षक, गेल्या वर्षीची मुलं. सकाळपासून जिन्यावर कुजबूज चालू होती आणि बातमी सगळ्यांपर्यंत पोहोचली होती, अर्धवट, बातम्या पोहोचतात तशी. वैष्णवीचे वडील गिरणी बंद करून आले होते. शर्टाच्या शिवणीत पीठ तसंच होतं. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या. वैष्णवी थेट जाऊन त्यांच्या शेजारी बसली. ललिताबाई दुसऱ्या बाजूला बसल्या.

दिगंबर सरांनी माइकवर दोनदा टकटक केलं. "नमस्कार. काही तांत्रिक अडचणींमुळे सकाळी थोडा गोंधळ झाला. तो आता दूर झाला आहे. तर यंदाचा प्रथम क्रमांक, कुमारी वैष्णवी इंगोले!"

मागून कोणीतरी टाळी वाजवली. दोघं-चौघं त्याला मिळाले. बाकीचे मान वळवून बघत राहिले. वैष्णवी उठली नाही.

"वैष्णवी इंगोले," सर पुन्हा म्हणाले, आणि हाताने बोलावलं.

"सर, अडचण तांत्रिक नव्हती," ती बसल्या जागेवरून म्हणाली. माइक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पट्टा चालू असताना बोलायची तिला सवय होती. "सकाळी काय झालं ते सांगा. इथल्या सगळ्यांनी ऐकलंय की मी पेपर चोरला. माझ्या पप्पांनी पण ऐकलंय."

तिच्या वडिलांनी तिचा हात दाबला. "जाऊ दे ना बेटा, मिळालं ना." तिने मान हलवली. ललिताबाईंनी समोर बघत तोंड घट्ट मिटून घेतलं. इथे मदत करायची नाही, हे त्यांना कळत होतं; ही लढाई त्यांची नव्हती.

सर माइकशी उभे राहिले. मग त्यांनी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला.

"आज सकाळी," ते म्हणाले, "आम्ही वैष्णवीवर पेपर चोरल्याचा आळ घेतला. कुठलाही पुरावा नसताना घेतला. मी घेतला. तिने चोरी केलेली नाही. पेपर आमच्याच एका शिक्षिकेने फोडला होता. वैष्णवीला शंभरपैकी शंभर गुण आहेत, ते तिचे स्वतःचे आहेत. मी तिची आणि तिच्या वडिलांची सगळ्यांसमोर माफी मागतो."

मगच ती खुर्चीवरून उठली.